रुमाल ओढणाऱ्या मॅडम

समोरच्याचा आवाज चढला की मॅडम त्याच्याकडे खुर्ची सरकवायच्या. "बसून भांडा. उभ्यानं मले ऐकू येत नाही."

बुलढाण्याच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या त्या मोठ्या डॉक्टर. मूळच्या उंद्रीच्या. मी मेहकरकडचा बैलांचा दलाल. एका बैलावर धंदा उभा केलेला माणूस. कोणापुढे मुकाट बसणं माझ्या अंगात नाही.

बायकोचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात तिच्या रक्तात बुरशी निघाली. बुरशी लोणच्याला लागते, एवढंच मला ठाऊक. मॅडमनी बुरशीचं इंजेक्शन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरायच्या ऐवजी चढला.

मी टेबलावर हात आपटला. "औषध देऊन राह्यल्या का जहर? स्टिरॉइड द्या. माह्या मेव्हण्याचा ताप एका सुईत उतरला होता!"

"बसा, भाऊ." मग म्हणाल्या, "बाजारात सौदा कसा करता?"

तुम्ही बैलबाजार पाहिला असेल, तर ठाऊक असेल. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही.

मॅडमनी माझ्याच गळ्यातला रुमाल मागितला आणि आपल्या मुठीवर टाकला. "हे बुरशी. पांघरूण घेऊन बसली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपले शिपाई, बाजूनं जातात, पण हिले ओळखत नाहीत. हे औषध बुरशीले तं मारतेच, वरतून तिचं पांघरूणही फाडते." त्यांनी रुमाल ओढला. "मंग शिपाई तुटून पडतात. कधी कधी त्या मारामारीचाही ताप असते. तुमचं स्टिरॉइड त्याच शिपायायले झोपवीन. देऊ?"

"अन् तुमचं चुकलं तं?"

त्यांनी रुमालाची घडी करून माझ्या हातात दिली. "तं बाई जाईन. रक्त पुन्हा तपासाले धाडलं. औषध लागू नसंन, तं बदलतो."

असा सौदा मी जन्मात केला नव्हता. जीव माझ्या माणसाचा, बोटं दुसऱ्याची. मी गाडी बोलावली. बायकोला मोठ्या शहरात हलवायचं ठरवलं. मॅडमनी अडवलं नाही. कोणतं औषध किती वाजता दिलं, ते सगळं कागदावर लिहून दिलं. "न्यायची तं न्या. पण वाटंत हे बंद पडू देऊ नका."

कागद घेऊन काचेतून आत पाहिलं. मॅडम लघवीची पिशवी उजेडाकडे धरून निरखत होत्या, हाडाचं गिऱ्हाईक बैलाचे दात पाहतं तशा. मी गाडी परत धाडली.

दोन दिवसांनी ताप उतरला. पुढे रक्तही स्वच्छ आलं. 'म्हटलं होतं ना?' हे ऐकायची तयारी करूनच मी गेलो. त्यांनी फक्त इंजेक्शन अजून किती दिवस चालेल, ते सांगितलं. याचाच राग मला अजून आहे. चार शब्द सुनावले असते, तर मीही दोन बोललो असतो, माफी मागून मोकळा झालो असतो.

सुट्टी होऊन घरी गेल्यावर, पुढच्या तपासणीला बायको स्वतःच्या पायांनी दवाखान्याचा जिना चढली. मॅडमची बदली झाली होती.

"कशा होत्या हो दिसाले?" परतीच्या एसटीत बायकोनं विचारलं. "मी तं शुद्धीतच नव्हती."

बैलाचा एक खूर पाहून मी त्याचा मालक सांगतो. पण मॅडमच्या तोंडावर कायम मास्क. नुसते डोळे काय सांगणार? मी गळ्यातला रुमाल काढून माझ्या मुठीवर टाकला. ती वाट पाहत होती.