गाण्याची खोली पुन्हा मांडताना

राजूरला चतुर्थीच्या दिवशी पुंजाराम कधी कॅसेट भरायचा नाही. गणपतीच्या देवळाकडून भोंगे सुरू असायचे, गाड्यांचे हॉर्न असायचे, अन् माईक असला गुणी की सगळं गोळा करून आत घ्यायचा. बाकीचे दिवस मात्र त्याच्या घरी कुणी ना कुणी टाळ-ढोलकी घेऊन आलेलं असे. केदारखेड्याचं भजनी मंडळ, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या बाया, भारुडवाले. भोकरदन तालुक्यात गाणं भरून घ्यायचं तर पुंजारामकडं जायचं, हे ठरूनच गेलेलं होतं.

पुंजाराम मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कुणाचा मोडका अँप्लिफायर, कुणाचा टाकून दिलेला टेपरेकॉर्डर असं जमवत जमवत त्यानं १९८६ साली घरातच स्टुडिओ उभा केला. स्टुडिओ म्हणजे बाजूची एक खोली. पत्र्याखाली बारदान ताणलेलं, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. ती खोली आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत त्यानं भोक पाडून काच बसवली होती. माजघरात टेबलावर त्याचा मिक्सर आणि डेक. काचेपलीकडं, अगदी समोर, गाणाऱ्यानं बसायचं. पुंजाराम हात वर करी, की गाणं सुरू. हात खाली, की बंद. त्या काचेचा त्याला फार अभिमान. आलेल्या पाव्हण्याला चहाच्या आधी तो काच दाखवी.

त्याची बायको नंदाबाई या सगळ्यात कुठं असायची? स्वयंपाकघरात. तिथलं एक दार गाण्याच्या खोलीत उघडायचं. भरणं सुरू असेपर्यंत भांडं वाजवायचं नाही, चुलीत काडी मोडायची नाही, शेजारची म्हैस ओरडली तर तिला जाऊन चारा टाकायचा, एवढं तिचं काम. दहा वर्षं तिनं ते बिनबोभाट केलं.

१९९६ च्या उन्हाळ्यात पुंजाराम माईकच्या स्टँडला अडखळून पडला. मग दाराच्या चौकटीला खांदा घासला. मग समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा, पण बाजूला उभा असलेला दिसेना. जालन्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली जपा, म्हणाला. पुंजारामनं थेंब टाकले, पथ्यं पाळली, पण दीड वर्षात उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला.

पहिल्यांदा त्यानं हिंमत धरली होती. कॅसेटींच्या फळ्या त्याला पाठ होत्या. पण ढोलकी वाजवणारा संपत, जिवाभावाचा माणूस, एके दिवशी येऊन सगळी खोली झाडून, पुसून, लावून गेला. मनात चांगलंच होतं त्याच्या. कोऱ्या कॅसेटी एकीकडं, भरलेल्या एकीकडं, वायरी गुंडाळून खिळ्यांना. दुसऱ्या दिवशी पुंजारामनं कोरी समजून हातात आली ती कॅसेट डेकमध्ये टाकली आणि एका म्हाताऱ्या भारुडवाल्याच्या आवाजावर भरायला सुरुवात केली. तो म्हातारा आदल्या साली वारला होता. चूक कळेपर्यंत चार मिनिटं पुसली गेली.

 पुंजारामनं मेन स्विच बंद केला, टेबलावर चादर टाकली आणि खोलीला कडी लावली. सात महिने ती कडी निघाली नाही.

ती निघाली गोपिकाबाईमुळं. ही केदारखेड्याची, मेंढरांमागं आयुष्य घातलेली, साठी ओलांडलेली बाई. तिच्या आईकडून आलेल्या शे-दीडशे ओव्या तिच्या तोंडात होत्या. काही मेंढरं चारतानाच्या, काही बाळंतिणीच्या, काही लेक सासरी निघतानाच्या. ती १९९८ सरता सरता, पौषात, खांद्यावर घोंगडी टाकून आली आणि ओसरीवर बसली. पुंजारामनं तिला सरळ सांगितलं की आता आपण हे काम सोडलं, तिनं जालन्याला कुणी असेल तर बघावं.

"भाऊ, गेल्या सालात दोन ओव्या इसरले मी," गोपिकाबाई म्हणाली. "लई आठवल्या, येईनात. आणखी जायच्या आधी भरून घ्या. जालन्याला मला कोण वळखतं?"

 पुंजारामला ती पुसलेली चार मिनिटं आठवली असावीत. उत्तर दिलं ते आतून नंदाबाईनं. तिनं गोपिकाबाईला आठ दिवसांनी यायला सांगितलं. मग चहा दिला, आणि म्हातारी गेल्यावर नवऱ्याजवळ येऊन म्हणाली, "खोली मी मांडते. तुमी निस्तं बसून ऱ्हा अन् आयका."

तिनं आधी काच काढायची ठरवली. काच तेवढी राहू दे, पुंजाराम म्हणाला. पण नंदाबाई बोलायला लागली, आणि ती जे बोलली ते त्यानं दहा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"काचेपुढं बसवलं की आवाज कसा बारीक अन् खणखणीत येतो, भांड्यावर पडल्यावानी. त्याच बाया गाणं झाल्यावर सैपाकघराच्या दारात बसून सहज गुणगुणत, तवा लय गोड लागायचं. तिथं ज्वारीची पोती हायेत ना, आवाज त्याच्यात मुरतो. धा वर्षं आयकून राह्यले मी."

पुंजारामनं तिला पुन्हा सांगायला लावलं. मग तो स्वतः उठला, भिंत धरत धरत खोलीत गेला आणि जागोजागी उभा राहून टाळ्या वाजवू लागला. काचेपुढं टाळी फुटल्यासारखी आली. पोत्यांजवळ ती मऊ, भरीव आली. माणूस आपल्याला दिसावा म्हणून त्यानं सगळ्या गाणाऱ्यांना खोलीतल्या सगळ्यांत वाईट जागी बसवलं होतं. आता दिसायचाच प्रश्न नव्हता, तर कुठंही बसवता येत होतं.

मग कामाला रंग चढला. संपतला निरोप गेला. तो खाली मान घालून आला. पुंजारामनं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं की काच तू काढ, तुझा हात हलका आहे. काचेच्या जागी विटा बसल्या. ज्वारीची पोती भिंतीला अर्धगोल रचली. टेबल माजघरातून उचलून स्वयंपाकघरात, त्या दाराशी आणलं. मिक्सरच्या बटणांना नंदाबाईनं दोरा बांधला. गाणाऱ्याच्या बटणाला एक गाठ, ढोलकीच्या बटणाला दोन. कॅसेटींसाठी तिनं कापडी कप्पे शिवून भिंतीला टांगले. भरलेल्यांचे खणाचे, कोऱ्यांचे बारदानाचे. बोट लागताच कळावं.

आता हात वर करून इशारा द्यायचा कसा? त्यावर संपतनं तोड काढली. टेबलापासून गाणाऱ्याच्या बसकरापर्यंत एक सुतळी सोडली. एक झटका म्हणजे सुरू, दोन म्हणजे थांबा. गाणाऱ्यानं ती बोटाला गुंडाळायची. आवाज किती चढला ते दाखवणारा मीटरचा काटा तेवढा पुंजारामला दिसणार नव्हता. तो बघायला टेबलाशी दुसरी खुर्ची लागली, आणि तिच्यावर नंदाबाई बसली. तिला काटा कुठवर जाऊ द्यायचा हे शिकवायला दोन दुपारी पुरल्या.

आठव्या दिवशी सकाळी, लाईट होती तेवढ्यात, गोपिकाबाईला पोत्यांसमोर बसवलं. डेकची घरघर आत जाऊ नये म्हणून मधल्या दाराला पडदा हवा होता, तर तिनं आपली घोंगडीच काढून दिली. पुंजारामनं कानाला हेडफोन लावले आणि सुतळीला एक झटका दिला.

म्हातारी गायला लागली. तिचा श्वास, शब्दाआधी ओठ उघडल्याचा आवाज, ओवीच्या शेवटी गळ्यात राहिलेला कंप, सगळं त्याला जवळ बसल्यासारखं ऐकू आलं. असा आवाज त्याच्या डेकवर आजवर उमटला नव्हता. काटा फार चढला की नंदाबाई त्याच्या मनगटाला हात लावी, तो गाठीचं बटण केसभर मागं घेई. सलग दोन तास दोघं एक शब्द न बोलता हे करत राहिले. सत्ताविसाव्या ओवीनंतर गोपिकाबाई मध्येच थांबली. पुंजारामनं सुतळी ओढली नव्हती. पडद्यामागून ती हळूच म्हणाली की विसरलेल्या दोनांतली एक आत्ता आली, म्हणू का?

त्या दिवशी जेवताना पुंजारामचा घास हातातच राहिला. "धा वर्षं तू दाराआडून आयकलंस अन् मी कधी इचारलं न्हाई."

"इचारलं असतं तरी तवा मी सांगितलं नसतं," नंदाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरीचा चतकोर टाकला. ते खरंच होतं, पण त्यानं पुंजारामचं ओझं कमी झालं नाही, तरी मन भरून आलं. देवानं नजर नेली तर नेली, एवढ्या तिखट कानाची माणसं घरात ठेवली, असं त्याला वाटलं. त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली.

स्टुडिओ पुढं नऊ वर्षं चालला. २००१ साली पुंजारामचं जालन्याला हर्नियाचं ऑपरेशन झालं, तो आठ दिवस दवाखान्यात होता. अंबडचं भजनी मंडळ नेमकं त्याच दिवसांत ठरलेलं. त्यांना माघारी लावू नको, संपतला बोलावून घे, एवढंच त्यानं नंदाबाईला सांगितलं. चौथ्या दिवशी नंदाबाई डबा घेऊन आली, सोबत छोटा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. संपत ढोलकीवर बसला होता, त्यामुळं भरणं तिनं एकटीनं केलं होतं.

पुंजारामनं दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मग टाळकऱ्यांना कुठं बसवलं होतं ते विचारलं. नंदाबाईनं त्यांना खोलीबाहेर ओसरीवर, दार उघडं ठेवून बसवलं होतं. टाळ जवळ असले की गाणाऱ्याला झाकतात, म्हणाली. हे पुंजारामला कधी सुचलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं, परतूरकडचा कुणी शेतकरी होता, भजन कुणी भरलं म्हणून चौकशी केली.

"माझ्या बायकोनं," पुंजाराम म्हणाला. "मी तिच्या हाताखाली शिकून राह्यलो."

त्या माणसानं पहिली बाजू पुन्हा लावायला सांगितली. नंदाबाईनं कॅसेट उलटली आणि डबा सोडायला घेतला.