शिंगावरची गेरूची खूण

नागपूर, जानेवारी १९८७

डॉ. श्रीधरराव लांजेवार यांच्या साठीनिमित्तच्या ग्रंथासाठी लेख मागणारी तीन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही. संपादक मंडळींची क्षमा मागतो. लिहायला बसलो की एकच प्रसंग आडवा येई, आणि तो वगळून लिहिणे जमेना.

गुरांच्या दवाखान्यात मी त्यांचा सहायक म्हणून रुजू झालो, तेव्हा साहेबांनी आधी माझी नखे पाहिली. "ही कापा, मग गाईजवळ या." ओळख एवढीच झाली. पुढे पारशिवनीकडच्या गावांत आम्ही शिबिरे घेऊ लागलो. सुई टोचून अनेक गाई एकाच वेळी माजावर आणायच्या आणि एकाच दिवशी कृत्रिम रेतन करायचे. लोक चिडवत, "डॉक्टरसाहेब, आमच्या वळूनं तुमचं काय खाल्लं जी?" साहेब म्हणत, "तो एकटा थकते गा. इथं अख्खं गाव रांगेत उभं हाय."

हीच सुई गाभण गाईला टोचली तर गाभ पडतो. म्हणून साहेबांचा नियम कडक होता. प्रत्येक गाय मी हात घालून तपासायची, रिकामी असेल तिच्याच शिंगाला गेरू लावायचा. गेरू दिसला तरच साहेब सुई टोचणार.

त्या दिवशी रांग लांब होती. गिरजाबाईंची काळी गाय लाथा झाडत होती. "काहून तपासून राहिले भाऊ? वळूजवळ गेलीच नाही ते," बाई म्हणाल्या. मी न तपासताच गेरू लावला. साहेबांनी शिंगाकडे पाहिले आणि सुई टोचली.

तिसऱ्या दिवशी रेतनासाठी गेलो, तर गिरजाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. गाईने गाभ टाकला होता. माणसे जमली. एकाच्या हातात काठी होती.

"कोणं केलं हे?"

मी साहेबांच्या मागे सरकलो. साहेब पुढे झाले. "सुई म्या टोचली, बाई."

"काहून टोचली मंग?"

"चुकलो."

गाभाबरोबर पडायचा जार गाईच्या पोटातच अडकला होता. आठ दिवस साहेब रोज एसटीने जाऊन तिच्यावर उपचार करत राहिले. बाई त्यांना हात धुवायला पाणीही देत नसत. ते विहिरीवर जात. गाय वाचली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या शिबिरात गेरूची डबी माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "आता सावकाश." त्यांच्याइतका धीराचा शिक्षक मला दुसरा भेटला नाही. पण त्यांच्या त्या धीराचा मी इतकी वर्षे आडोसा केला.

गेल्या आठवड्यात रामटेकच्या बाजारात गिरजाबाई भेटल्या. "सत्कार करून राहिले म्हणे त्या डॉक्टरचा, पुस्तकबी काढून राहिले. माह्या गाईचा गाभ पाडला त्यानं, तेही लिवा." मी तेव्हाही 'लिहितो' एवढेच म्हणून निघालो.

म्हणून लिहितो: सुई साहेबांची होती, चूक माझी. पण गिरजाबाईंना वाचता येत नाही. इथे लिहून मी मोकळा होईन, साहेब होणार नाहीत.

साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातला पुढचा एकही दिवस माझ्या चुकीचा दोष सोसण्यात न जावो.

उद्या: सकाळच्या एसटीने गिरजाबाईंकडे जाऊन सारे तोंडाने सांगणे.