आडोशाचा कॅमेरा

आमच्या गल्लीतले कॅमेरेवाले काका बोलण्याआधी समोरच्या वस्तूवर फुंकर मारतात, मग ती भिंग असो की चहाची बशी. आमच्या शेंगाचटणीच्या बचत गटातल्या बायकांचे फोटो काढायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा मी त्यांच्या दुकानात गेले आणि त्यांनी दोन कॅमेरे पुढे ठेवले. नवा पडद्यावर बघायचा, दुसरा जुना, वापरलेला, त्याला डोळा लावून बघायचा. माणसांकडे बघताना माझी मान खाली जाते, हे त्यांनी कधी हेरलं कोण जाणे.

जुन्यावर फुंकर मारून म्हणाले, "ताई, नव्यात समदं हाय, पन आडोसा न्हाय. ह्याच्यामागं तोंड लपतंय की."

मी जुना डोळ्याला लावला आणि त्यांच्यावरच रोखला. आता त्यांचीच मान खाली गेली.

"मान वर करा!" मी मोठ्याने म्हणाले.

त्यांनी मुकाट्याने वर केली.