एका दाखल्यात सगळी भावकी

पडेगावच्या तनुजानं नात्यागोत्यातल्या चार वेबसाइट एकाच सर्व्हरवर बसवल्या होत्या. पुढं रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे दारात उभा राहून आल्यागेल्याला ज्याच्या त्याच्या खोलीत धाडणारा गडी. साइट खरी असल्याचा दाखला, म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट, तिनं चौघांत मिळून एकच काढला. घरचीच माणसं, वेगवेगळे दाखले कशाला? दर तीन महिन्यांनी तो आपोआप नवा व्हायचा आणि बाईसाहेब निवांत असायच्या.

ऐन हुरड्यात सत्यभामा आत्याचा फोन आला. नवऱ्याचं मन कसंबसं वळवून तिनं यंदा पहिल्यांदाच शेतात हुरडा पार्टी मांडली होती.

"तनू, साइट उघडली की धोका हाय म्हणून येतंय. रईवारचं एक बी बुकिंग नाय. ह्यांचं म्हणणं, गुंडाळ ते खूळ."

तनुजानं पाहिलं, तर दाखल्याची मुदत संपलेली. नवा निघेना, कारण चौघांतल्या फर्दापूरच्या अप्पाराव काकांनी लेण्यांजवळच्या आपल्या लॉजची साइट गुपचूप दुसऱ्याकडं नेली होती. दाखल्यातलं प्रत्येक नाव ह्याच दारात सापडावं लागतं; एक नाव अडलं की अख्खा दाखला अडतो. सामाईक सातबाऱ्यावर एका भावानं सही नाकारावी तसं. काका का रुसले, हे तिला लगेच उमगलं. तिच्या वास्तुशांतीला फेटे कमी पडले आणि नेमकं काकांचंच टॉवेल-टोपीवर भागवलं होतं. भावकीत तेवढं पुरतं.

तिला काकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. लगोलग तिनं वाटणी करून टाकली. दार तेच, गडी तोच, पण ज्याचा त्याचा दाखला वेगळा. आत्याची साइट सुरळीत उघडू लागली. येता रविवार मात्र अजून रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी तनुजा फेटा घेऊन फर्दापूरला गेली. काकांनी तो बांधून घेतला, आरशात दोनदा पाहिलं.

"माझं नाव दाखल्यात परत घ्यायला आलीस व्हय?"

"तुमची मर्जी, काका. आता तुम्ही रुसलात तरी आत्याचं अडत नाय."

काकांचा हात फेट्यावरच थांबला. "सत्यभामाचं अडलं होतं?"

"रईवार रिकामा हाय तिचा."

काका तसेच फेट्यानिशी बाहेर आले. मग लॉजच्या जिन्यापाशी जाऊन त्यांनी वर हाक मारली, "पाव्हणं, रईवारी लेणी नंतर. आधी माझ्या बहिणीच्या शेतावर हुरडा खायला चला."