हळदीच्या हातांनी आत नाही

ऋषिकेश माणूस तुसडा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रामटेककडच्या धानवाल्या घरातला, नागपूरच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारा, आणि इन्क्युबेटरचं दार जरा जास्त उघडं राहिलं की अंगावर येणारा. शेजारच्या टेबलावरची मेघा त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

तिच्या बशांमध्ये उंदरांच्या चेतापेशी वाढत होत्या. त्यांना जगवणारं एक प्रथिन असतं. ते काढून घेतलं तरी पेशी लगेच मरत नाही. आधी काही जनुकं चालू करते, मरणाची सामग्री बनवून घेते आणि मग शिस्तीत स्वतःला संपवते. सामग्री पुरी व्हायच्या आत प्रथिन परत मिळालं तर माघारी फिरते. उशीर झाला की संपलं. ही हद्द नेमकी कुठं, हेच मेघाला शोधायचं होतं. म्हणून सकाळी तिनं सगळ्या बशांतलं प्रथिन काढलं आणि धाकट्या बहिणीच्या, काजलच्या, हळदीला बुटीबोरीला गेली. अर्ध्या बशांना ते संध्याकाळी परत द्यायचं होतं. असा बेत दुसऱ्या कुणी केला असता, तर तिनंच त्याला वेड्यात काढलं असतं.

वर्धा रोडवर गाड्या तुंबलेल्या. ती धावत पोचली तेव्हा वेळ जेमतेम उरला होता. पेशी वाढवायच्या निर्जंतुक खोलीच्या, कल्चर रूमच्या, दारात ऋषिकेश उभा.

"हात दाखव वं."

"ग्लोव्हज घालते ना."

"केसात तांदूळ आहेत तुह्या. बाह्या पिवळ्या. आत आली तर तुह्या बशा जातील अन् माह्याही."

"मरून राहिल्या गा त्या."

"मंग बोलत काहून बसली? कोणत्या बशा?"

"डावी ओळ."

तो आत गेला. मेघा काचेबाहेर हात मागे बांधून उभी. एरवी आपली पेन्सिलही न देणारा हा माणूस धानाचं रोप रोवावं तशा हलक्या हातानं एकेका बशीत प्रथिन सोडत होता. तिला भरून आलं, पण डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती.

"सकाळी मी पाहतो," बाहेर येऊन तो म्हणाला. "लग्न सोडून आली तर दार नाही उघडणार."

दुसऱ्या दिवशी मांडवात फोटो आला. उजव्या ओळीतल्या पेशींचे धागे तुटून मणी झालेले. डाव्या ओळीतले लांबसडक, शाबूत. खाली लिहिलं होतं, "जगल्या. जेवण ठेव."

मेघानं स्वतः जेवायच्या आधी त्याचा डबा भरला.

"कोणासाठी वं एवढं?" आईनं विचारलं.

"लॅबमधला आहे एक. बहुत खडूस आहे," मेघा म्हणाली, आणि आणखी एक डाव बुंदी घातली.