त्यांची डावी बाजू

आमच्या लग्नात भटजींनी धरलेला अंतरपाट काढूच नये, असं आम्हां दोघांनाही वाटत होतं. ह्यांना तसं वाटत होतं हे मला फार उशिरा कळलं. माझं मला तेव्हाच माहीत होतं. मंगलाष्टकं संपत आली तशी मी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि खाली तांदळांकडे बघत उभी राहिले.

लहानपणी अंगणात भात उकडताना माझा परकर पेटला होता. जीव वाचला, पण हनुवटीखालपासून डाव्या खांद्यापर्यंतची कातडी आक्रसून गेली. पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा एका स्थळाकडच्या बायकांनी मला आतल्या खोलीत नेलं, पदर काढायला लावला आणि वांगं उलटंपालटं करून बघावं तशी बघितली. मग चहा पिऊन गेल्या. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

ह्यांचा डावा डोळा गिरणीत गेला. हे साचेखात्यात कापड विणायचे. शेजारच्या साच्यावरचा आडवं सूत नेणारा धोटा उडाला तो सरळ डोळ्यावर. डोळा गेला आणि ठरलेलं लग्नही मोडलं, मुलीच्या बापाने साडी परत पाठवली. ह्यांची आते करी रोडला खानावळ चालवायची. आमच्या कोकणातले गिरणीतले गडी तिच्याकडे जेवायचे आणि त्यांची लग्नंही तीच जुळवायची. तिने माझ्या वडिलांना सांगून टाकलं, "दगडापेक्षा वीट मऊ. तुमच्या चेडवाक घोव मेळतलो, आमच्या झिलाक बायल. आनी काय व्हया?" मुलीला नवरा मिळत होता, वडिलांना खरंच आणखी काही नको होतं.

अशी मी लालबागच्या चाळीत आले. एक खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीला आडोसा म्हणून दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. त्या एवढ्याशा जागेत नवरा माझ्याकडे बघायचाच नाही. मी चुलीशी बसले की हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवताना पाट असा तिरका ठेवायचे की मला ह्यांचा फक्त डावा गाल आणि तो मिटलेला डोळा दिसायचा. मी मोरीकडे गेले की उठून जागा बदलायचे. बोलणं वाईट नव्हतं. "मीठ दे", "पाणी आलं का", "तू जेवलीस का" हे सगळं व्हायचं, पण भिंतीकडे बघून. शेजारणीच्या नजरेतून काय सुटतंय? तिने एकदा नळावर विचारलंच, "तुझो घोव तुझ्याकडे पाठ करून जेवता काय गो?"

मला किळस ओळखता येत होती. लहानपणापासून तोच तर माझा अभ्यास. त्या बायकांनी निदान तोंडावर नाक मुरडलं होतं. हा माणूस सभ्य होता, एवढाच फरक. मी मनाशी ठरवलं की परत जायचं. बापाच्या घरी शेण सारीन, पण रोज ताटाशी बसून हा अपमान गिळणार नाही. आतेला तसं सांगितलं. तिने मला शिव्या दिल्या, मग पाणी दिलं आणि म्हणाली, "शिमग्याच्या बोटीन जा. तवसर थांब."

शिमग्याआधीच गिरणगाव पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली. गिरण्या बंद पडल्या, गल्लीगल्लीतून 'झालाच पाहिजे' ऐकू यायला लागलं. पोलीस अश्रुधुराची नळकांडी फेकायचे. आम्ही बायका गोणपाटं भिजवून गॅलरीतून खाली टाकायचो, पुरुष ती नळकांड्यांवर दाबून धूर मारायचे. कांदे चिरून नाकाशी धरायचे. चाळीतल्या तान्ह्या पोरांना आम्ही मागच्या खोल्यांत दडवलं होतं.

त्या दुपारी हे एका नळकांड्यावर गोणपाट घेऊन वाकले होते. दुसरं ह्यांच्या डाव्या अंगाला येऊन पडलं. मला वरून दिसलं, ह्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी ओरडले, "अहो!" पण गॅलरीतल्या सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्याला 'अहो'च म्हणून ओरडत होत्या. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. खालचे चार गडी वर बघायला लागले, हे तेवढे वाकलेलेच. मग फुसफुस ऐकून ह्यांनी उजव्या डोळ्याने बघायला सबंध मान वळवली, आणि ते तोंडासमोरच फुटलं.

सरकारी इस्पितळात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून दिली. उजव्याचं काय ते पट्टी सुटल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी बदलताना ओल्या कापसाने डोळे पुसायचे होते. पहिल्यांदा मी डाव्या डोळ्यावर कापूस लावला तेव्हा हे म्हणाले, "तो राहू दे. तो गेलेला आहे." मी तोही पुसला. इतकी मऊ पापणी होती. आते खानावळीतून डबा आणायची आणि जिन्यात थांबवून मला म्हणायची, "आता गेलंस तरी कोन नाव ठेवचो नाय." मी म्हटलं, पट्टी सुटू दे.

एका सकाळी चोळी बदलायला मी ट्रंक उघडली. कडीचा आवाज झाला आणि ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळ्यांवर पट्टी असताना! माझं डोकं फिरलं.

"आता काय दिसतंय तुम्हाला? वास येतो का माझा?"

हे गडबडले. चाचपडत उठून बसले.

"आतेनं सांगितलेलं मला," भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले. "त्या बायकांनी तुझं काय केलं ते. म्हटलं, ह्या घरात तरी तुला कोणी बघायला नको. खोली ही एवढीशी. तू पदर सोडून बसणार कुठे? माझा डावा डोळा नाहीतरी फुकटच आहे. म्हणून ती बाजू तुला दिली."

मी चोळी हातात धरून तशीच बसले. इतके महिने मी ज्याला किळस समजत होते, तो ह्या माणसाने माझ्यासाठी धरलेला आडोसा होता. आणि बाई ग, एका शब्दाने सांगायचं तरी होतं. मला राग आला, खरंच आला, आणि त्या रागातच मला हा माणूस हवासा वाटला.

पट्टी सुटली त्या दिवशी मी खोलीचं दार सताड उघडलं. पदर खांद्यावरून खाली सोडला आणि ह्यांच्या उजव्या बाजूला, उजेडात, जाऊन बसले. आयुष्यात कोणासमोर मी आपणहून अशी बसले नव्हते.

"दिसतंय का?" मी विचारलं.

ह्यांनी खूप वेळ बघितलं. "उजेड दिसतो," म्हणाले. "तू दिसतेस. म्हणजे, कोणीतरी बसलंय एवढं दिसतं."

पुढे त्यात फारशी सुधारणा झाली नाही. साच्यावरची नोकरी गेली ती गेलीच. पण ते सगळं नंतर. तेव्हा मी एवढंच केलं, ह्यांचा हात घेतला आणि माझ्या मानेवर ठेवला. बोटं आधी दचकली. मग हळूहळू फिरत हनुवटीखालून खांद्यापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली.

"दुखतं का गं अजून?" ह्यांनी विचारलं.

इतक्या जणांनी तो डाग बघितला होता. हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा नाही.

"थंडीत ओढतं," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.