कोणत्या स्टेशनास सुचलें?

कथेला नाव द्यावं ते आमच्या मांबळमच्या घरमालकांनीच. बाकीचे सगळे, माझ्यासकट, नुसती लेबलं चिकटवतात. स्वतः त्यांनी जन्मात एक कथा लिहिली नव्हती. रेल्वेतून निवृत्त झालेले, कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यातले. पुणं त्यांनी पाहिलं नव्हतं, पण पुण्याहून सरकारी नोकरीत बदलून मद्रासला आलेल्या माझ्या मराठीत ते रोज चुका काढत. "तुमची भाषा उन्हापावसांत बिघडली, अय्या. आम्ही पेटींत जपून ठेवली," असं तमिळ हेलात सांगत.

ते खाली राहत, आम्ही वर. मी लिहितो हे कळल्यावर त्यांनी माझ्यावर भाडेकरूचं आणखी एक कर्तव्य लादलं. कथा पुरी झाली की त्यांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत, मग कॉफीचा पेला खाली ठेवून नाव विचारत आणि त्या नावाची परीक्षा घेत. "नांव म्हणजे हांक. मारल्यावर कथेनें वळून पाहिलें पाहिजे." त्यांच्या मुलीनं म्हणे पाळण्यात दोन नावांना मान वळवली नव्हती, तिसऱ्याला वळवली; तोवर बारशाची पानं ताटकळली होती.

एका संध्याकाळी मी नवी कथा वाचली. घर सोडून गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या बाईची. नाव मोठ्या अभिमानानं सांगितलं, "प्रतीक्षेच्या सावल्या." ते पेला ठेवून गच्चीवर चढले आणि कठड्याशी उभं राहून रस्त्याच्या दिशेनं ओरडले, "प्रतीक्षेच्या सावल्याऽऽ!" तीनदा. समोरच्या मामी बाहेर आल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. मूल हरवलं असं समजून पाचसहा माणसं गल्लीत शोधाशोध करू लागली, एकजण सायकलवर टांग मारून बाजारापर्यंत जाऊन आला. घरमालक माझ्याकडे वळले. "पाहिलें? सगळी गल्ली आली. कथा मात्र आली नाहीं."

मी रुसलो. ते खाली गेले आणि आपल्या दारापाशी थांबले. हे दार दिवसभर नुसतं लोटलेलं असे, कडी कधी नाही. चोरांची भीती घालून मी त्यांना अनेकदा बोललो होतो. त्या दिवशी कारण कळलं. त्यांचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला होता. भांडण कशावरून, तर सणाच्या सांबारात चिंच घालायची की आमसूल. सांबार आमच्याच तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, असं मानणाऱ्या घरात हा काही लहान प्रश्न नव्हता! "तो चिंचवाला. आला, तर ठोठावावें लागूं नये," ते म्हणाले. मग दारावर हात ठेवून हळूच, "लोटलेलें दार. घाला हें नांव."

"आता गच्चीवर जायचं ना?"

"हें ओरडायचें नांव नव्हे."

त्या कथेला बक्षीस मिळालं. इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. कुणीतरी विचारलं, "एवढं समर्पक नाव सुचलं कसं?" पहिल्या रांगेत घरमालक नवं अंगवस्त्र घेऊन बसले होते. त्यांच्याकडे न पाहता मी म्हणालो, "तांबरमच्या लोकल गाडीत, एकाएकी." सर्वांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.

घरी परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "कोणत्या स्टेशनास सुचलें?"

चेष्टा आहे असं समजून हसायला हवं होतं, कबूल करायला हवं होतं. मी म्हणालो, "सैदापेट."

"हं. चांगलें स्टेशन," ते म्हणाले आणि बाहेर पाहत राहिले.

त्यानंतर त्यांनी कॉफीला बोलावलं, सांबार पाठवलं, माझं व्याकरणही सुधारलं. पण नाव कधी विचारलं नाही. पुढच्या माझ्या सगळ्या कथांना लेबलंच आहेत. काही वर्षांनी ते गेले. भाऊ आला नव्हता. दाराला कडी तेव्हाही नव्हती, म्हणून मी सरळ आत गेलो. ठोठावावं लागलं नाही.

या लेखाचं नावही त्यांचंच आहे. काल संध्याकाळी मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीतून ते एकदा पुकारून पाहिलं. खालून वॉचमन धावत आला, काय हरवलं म्हणून विचारू लागला. त्याला काही नाही म्हणालो. तुम्हांला सांगतो, घरमालक. कोणत्याच स्टेशनास सुचलं नाही. तुमच्या दारापाशी, तुम्हांलाच सुचलं.